रिंग कशाची आहे, हे आधी विचारा

गेल्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी वस्तीतली एक बहीण आमच्याकडे आली. पदराखाली झाकून तिने स्टीलचे छोटे पातेले आणले होते. दार लोटून घेतले आणि मगच तिने पदर बाजूला केला. पातेल्याच्या तळाला एक पांढुरकी, वाकडीतिकडी झालेली कडी चिकटून बसली होती.

"सिस्टर, ही माझी रिंग," ती म्हणाली. "निघून आली म्हणून उकळायला ठेवली होती. आता परत बसवू का?"

ती एका खासगी प्रसूतिगृहात मावशीचे काम करते. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला गर्भनिरोधक रिंग लिहून दिली होती. धाकटे मूल दोन वर्षांचे, आणखी मूल आत्ता नको. तांबी बसवली तेव्हा अंगावरून फार जायचे. गोळी रोज आठवणीने घेणे जमत नव्हते. रिंगवर तीन महिने सगळे ठीक चालले. त्या दिवशी सार्वजनिक संडासात उकिडवे बसून जोर दिला, तशी रिंग घसरून हाताशी आली. संडासात निघालेली वस्तू तशीच आत कशी घालायची, म्हणून तिने घरी येऊन पाणी उकळायला ठेवले.

"उकळायचं कुणी सांगितलं?" आम्ही विचारले.

"तुम्हीच की! पाळीचा कप दाखवला तेव्हा म्हणाला होता, उकळून घेतल्याशिवाय आत घालायचा नाही."

चूक आमची होती. आम्ही नर्सिंगचा डिप्लोमा केला, वॉर्डात वर्षे काढली, आता वस्त्यांमध्ये आरोग्याचे काम करतो. 'उकळून घ्या' हे शब्द आमच्या तोंडात बसलेले. पण कप का उकळता येतो हे आम्ही सांगितलेच नव्हते. पाळीचा कप सिलिकॉनचा असतो. तिची रिंग ईव्हीए नावाच्या प्लास्टिकची होती. दोन्ही वस्तू मऊ, दोन्ही आत घालायच्या. पण एक उकळत्या पाण्याला टिकते आणि दुसरी वितळू लागते. एवढ्याशा फरकावर त्या बहिणीचा तो महिना टांगणीला लागला.

म्हणून या वेळी रिंगविषयी बोलू. ती चांगली की वाईट, एवढेच सांगून थांबणार नाही. ती कशाची बनते, तिचा पृष्ठभाग कसा असतो आणि त्यावर आपल्यासारख्या घरातल्या बाईचे काय काय अवलंबून असते, ते पाहू.

सव्वादोनच्या बांगडीत बसेल एवढी

वस्तीत बहुतेक जणी रिंगला 'बांगडी'च म्हणतात. शब्द चुकीचा नाही. महिन्याच्या रिंगचा बाहेरचा व्यास ५४ मिलिमीटर असतो, म्हणजे सव्वादोनच्या बांगडीच्या आत ती बसेल. जाडी ४ मिलिमीटर, मोबाइलच्या चार्जरच्या वायरएवढी. दोन बोटांच्या चिमटीत दाबली की ती लांबट होते. योनिमार्गात सरकवली की पुन्हा उघडते आणि भिंतींना टेकून राहते.

तिच्यात दोन हार्मोन भरलेले असतात. ते थोडे थोडे बाहेर येतात, योनिमार्गाच्या आतल्या नाजूक त्वचेतून रक्तात जातात आणि बीजांड बाहेर पडू देत नाहीत. गर्भाशयाच्या तोंडाचा स्रावही घट्ट होतो, त्यामुळे पुरुषबीजाची वाट अडते. काम गोळीसारखेच, फक्त रोज गिळायचे नाही. तीन आठवडे रिंग आत ठेवायची, मग काढायची. एक आठवडा मोकळा, त्यात पाळी येते. आठव्या दिवशी नवी रिंग.

"पोटात हरवली तर?" हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. हरवत नाही. योनिमार्गाच्या टोकाला गर्भाच्या पिशवीचे तोंड असते आणि ते इतके अरुंद असते की रिंग त्यातून वर जाऊ शकत नाही. आत रिंग थोडी आडवी-तिरकी बसली तरी बिघडत नाही, कारण भिंतीला टेकली की हार्मोन झिरपतातच.

हिंगाच्या डबीचे शास्त्र

आता खरा प्रश्न. रिंगला भोक नाही, सुई नाही, मग आतले औषध बाहेर येते कसे?

हिंगाची प्लास्टिकची डबी आठवा. झाकण घट्ट लावलेले असते, तरी फळीवरच्या शेजारच्या डब्यांना हिंगाचा वास लागतो. डबी रिकामी करून दहा वेळा धुतली तरी वास जात नाही. म्हणजे हिंगाचा अंश प्लास्टिकच्या अंगात शिरलेला असतो आणि तिथून हळूहळू बाहेर येत असतो. मिठाचे तसे होत नाही. मिठाची डबी एकदा धुतली की स्वच्छ. तेलाशी जमणारे पदार्थ प्लास्टिकमध्ये मुरतात, पाण्यात विरघळणारे मीठ मुरत नाही.

स्त्रीचे हार्मोन या बाबतीत हिंगासारखे आहेत. तेही तेलाशी जमतात. १९६० नंतरच्या दशकात संशोधकांच्या लक्षात आले की असे हार्मोन सिलिकॉन रबराच्या भिंतीतून एका संथ गतीने पार होतात. १९७० मध्ये अमेरिकेत डॉ. डॅनियल मिशेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिलिकॉनची हार्मोन भरलेली रिंग स्त्रियांमध्ये वापरून पाहिल्याचे प्रसिद्ध केले. तिथून पुढे बाजारात यायला तीस वर्षे लागली. महिन्याच्या ईव्हीएच्या रिंगला, म्हणजे न्यूवारिंगला, अमेरिकेत २००१ मध्ये परवानगी मिळाली.

ईव्हीए म्हणजे इथिलीन व्हिनाइल अ‍ॅसिटेट. नाव अवघड असले तरी वस्तू रोजच्या पायातली आहे. हलक्या फोमच्या चपलेचा तळ याच जातीचा असतो. अर्थात औषधासाठी वापरतात ते ईव्हीए वेगळ्या शुद्धतेचे असते. चपलेचे ईव्हीए शरीरात घालायचे नसते, हेही सांगून ठेवतो.

या प्लास्टिकमध्ये व्हिनाइल अ‍ॅसिटेटचे प्रमाण वाढवले की ते मऊ होते आणि हार्मोन त्यातून लवकर सरकतात. प्रमाण कमी केले की ते घट्ट होते आणि हार्मोनची वाट मंदावते. महिन्याच्या रिंगमध्ये दोन्हींचा उपयोग केला आहे. आतला गाभा २८ टक्के व्हिनाइल अ‍ॅसिटेटचा, त्यात हार्मोन मुरवलेले. बाहेरची साल ९ टक्क्यांची, जाडी जेमतेम एक-दशांश मिलिमीटर. गाभा म्हणजे भरलेली टाकी आणि साल म्हणजे बारीक सोडलेला नळ. त्या सालीमुळे दिवसाला एका हार्मोनचे सुमारे १२० आणि दुसऱ्याचे १५ मायक्रोग्रॅम बाहेर पडतात. एक हजार मायक्रोग्रॅम म्हणजे एक मिलिग्रॅम. यावरून मात्रा किती बारीक आहे ते कळेल.

नळ बिघडला तर टाकी भरलेली असूनही उपयोग नाही, किंवा एकदम जास्त वाहील. म्हणून रिंग कापायची नाही, टोचायची नाही, गरम करायची नाही. गाभ्याच्या जातीचे ईव्हीए ७०-७५ अंशांच्या आसपासच वितळू लागते. पाणी उकळते १०० अंशांना. पातेल्यात जे झाले ते यामुळे झाले.

त्या बहिणीला आम्ही सांगितले की ही रिंग आता परत बसवायची नाही. डॉक्टरीणबाईंना आजच फोन कर, नवी रिंग कधी घालायची ते विचारून घे, आणि नवी घातल्यापासून पुढचे सात दिवस निरोधशिवाय संबंध नको.

पत्र्याखालचा मे महिना

उकळणे ही टोकाची गोष्ट झाली. पण आपल्या घरात पाणी न उकळताही उष्णता असते.

न्यूवारिंग दुकानात असते तोवर २ ते ८ अंशांत, म्हणजे फ्रिजमध्ये ठेवायची असते. विकत घेतल्यावर ती घरात चार महिन्यांपर्यंत राहू शकते, पण ३० अंशांच्या वर नको आणि उन्हात नको. त्यामागचे कारण वस्तूतच आहे. गाभ्यात हार्मोन इतके ठासून भरलेले असतात की ते जेमतेम विरघळून राहतात. साखरेचा घट्ट पाक जरा चुकला की खडे धरतो, तसे रिंग नीट ठेवली नाही तर हार्मोनचे कण वेगळे होऊ शकतात. मग ते पृष्ठभागाशी जमतात आणि रोज किती बाहेर पडायचे त्याचा हिशेब बिघडतो. बाहेरून पाहून हे कळेलच असे नाही.

आता हा नियम आपल्या घराला लावून पाहा. नागपूर, चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. पत्र्याच्या खोलीत रात्री नऊ वाजताही भिंतीला हात लावला तर चटका बसतो. फ्रिज प्रत्येक घरात नाही, आणि आहे तिथे वीज जाते. ३० अंशांची अट लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आपली खोली नव्हती, एवढे म्हटले तर चुकणार नाही.

मग काय करायचे? उन्हाळ्यात तीन-चार रिंगा एकदम घेऊन फळीवर ठेवू नका. लागेल तेव्हा एकच घ्या. दुकानदाराला विचारा की ही फ्रिजमध्ये होती का. पाकिटावर विकत घेतल्याची तारीख लिहून घ्या आणि घेतल्या दिवशी किंवा त्याच आठवड्यात वापरा. फ्रिज असेल तर खालच्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. एकदा आत घातली की घाबरायचे कारण नाही, शरीराच्या ३७ अंशांसाठीच ती बनवलेली आहे.

काही नव्या रिंगांचा गाभा पॉलियुरेथेनचा असतो. त्यात हार्मोन नीट विरघळून राहतात, त्यामुळे त्यांना फ्रिज लागत नाही. म्हणजे आतला पदार्थ बदलला की फ्रिजची अटच निघून जाते. फ्रिज नसलेल्या बाईसाठी हा फरक फार मोठा आहे.

वर्षभराची रिंग आणि दूध पाजणाऱ्या आईची रिंग

दुसरी जात सिलिकॉनची. बाळाच्या दुधाच्या बाटलीचे मऊ बूच, केकचे मऊ साचे, पाळीचा कप, हे सगळे सिलिकॉनचे असते. ते उष्णता सोसते, शरीराशी भांडत नाही आणि वर्षभर वापरले तरी सहसा खराब होत नाही.

पॉप्युलेशन कौन्सिल या संस्थेने सिलिकॉनची एक रिंग तयार केली, तिला अमेरिकेत ऑगस्ट २०१८ मध्ये परवानगी मिळाली. नाव अ‍ॅनोवेरा. व्यास ५६ मिलिमीटर आणि जाडी ८.४ मिलिमीटर, म्हणजे पेन्सिलीहून थोडी जाड. एकच रिंग वर्षभर, तेरा पाळ्यांसाठी चालते. तीन आठवडे आत, एक आठवडा बाहेर काढून धुऊन डबीत. तिला फ्रिज लागत नाही. पण सिलिकॉनची आहे म्हणून तीही उकळायची नसते, कारण तिच्या अंगात औषध आहे. पाळीच्या कपात औषध नसते, म्हणून तो उकळता येतो. त्या बहिणीला आम्ही पहिल्याच दिवशी सांगायला हवे होते ते हेच.

तिसरी रिंग दूध पाजणाऱ्या आईसाठी आहे. हीही सिलिकॉनची, पण तिला साल आणि गाभा असे भाग नाहीत. तिळाच्या वडीत तीळ पसरलेले असतात तसे हार्मोन तिच्या सगळ्या अंगात कालवलेले असते. ते प्रोजेस्टेरॉन असते, बाईच्या शरीरात तयार होते तेच. एका रिंगमध्ये सुमारे दोन ग्रॅम, रोज साधारण १० मिलिग्रॅम झिरपते, तीन महिने पुरते. दुधावर वाईट परिणाम करणारे इस्ट्रोजेन तिच्यात नसते. चिली, पेरू आणि लॅटिन अमेरिकेतल्या इतर काही देशांत ती वापरात आली. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनेही तिची चाचणी घेतली.

कडक की मऊ

रिंग किती मऊ हवी, हा प्रश्न साधा वाटतो. फार मऊ असेल तर जोर देताना घसरून बाहेर येते. फार ताठ असेल तर एकाच जागी भिंतीला दाबत राहते. मापाला बसली तरी घट्ट बांगडी मनगटावर वळ उठवते, तसेच.

याचा धडा स्त्रियांच्या शरीरावरच शिकावा लागला. जागतिक आरोग्य संघटनेने तीन महिने चालणारी, रोज २० मायक्रोग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल सोडणारी सिलिकॉनची रिंग तयार केली होती. ती वापरणाऱ्या काही स्त्रियांच्या योनिमार्गाच्या भिंतीवर लाल चट्टे दिसले, असे १९९३ मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केले. पुढे जास्त लवचिक रिंग करून पाहावी लागली. इतकेच नव्हे, नुसत्या औषध नसलेल्या रिंगने भिंतीवर काय होते आणि रिंग न वापरणाऱ्या बाईच्या भिंतीवर काय दिसते, याचीही तुलना करावी लागली. म्हणजे औषध बरोबर असले तरी वस्तूचा ताठपणा वेगळा तपासावाच लागतो.

यातून आपण घ्यायचे ते एवढेच. रिंग घातल्यावर ती सतत जाणवत असेल, दुखत असेल, संबंधानंतर रक्त जात असेल, तर 'सवय होईल' म्हणून गप्प बसू नका. नीट बसलेली रिंग बहुतेक वेळा जाणवत नाही. जाणवते आहे याचा अर्थ दाखवायला जायला हवे.

गुळगुळीत पृष्ठभाग आणि जंतू

रिंगचा पृष्ठभाग गुळगुळीत ठेवतात, कारण खाचेत जंतू घर करतात. ओट्यावरच्या चिरेत काळे धरते तसे. तरीही शरीरात राहिलेल्या कुठल्याही वस्तूवर काही ना काही थर बसतोच. निरोगी योनिमार्गात लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले जंतू असतात, ते आम्ल तयार करून वाईट जंतूंना रोखतात. त्यांचे दिवस चांगले असतील तर रिंगवरचा थर त्रास देत नाही.

आफ्रिकेत रवांडा देशाच्या किगाली शहरात स्त्रियांनी वापरलेल्या महिन्याच्या रिंगा घेऊन त्यांच्यावरचा थर तपासला गेला. ज्यांच्या योनिमार्गात दुर्गंधी स्राव आणणाऱ्या जंतूंचे प्राबल्य होते, त्यांच्या रिंगवर थर जास्त आढळला. त्याच अभ्यासात रिंग वापरताना चांगल्या जंतूंचे प्रमाण वाढल्याचेही दिसले. म्हणजे रिंगमुळे अंग सडते ही भीती खोटी आहे. पण आधीच अंगावरून पांढरे जात असेल, खाज असेल, माशासारखा वास असेल, तर आधी त्यावर उपचार घ्या, मग रिंग. रिंग वापरताना थोडा पाण्यासारखा स्राव वाढू शकतो. रंग, वास बदलला तर तपासून घ्या.

आणखी एक जागा पाहायची. ईव्हीएची रिंग सरळ दोरीसारखी तयार करून, कापून, तिची दोन टोके जोडलेली असतात. त्या सांध्यापाशी रिंग तुटल्याच्या नोंदी आहेत, त्यात क्वचित योनिमार्गाला इजाही झाली आहे. घालण्याआधी रिंगवरून एकदा बोट फिरवा. चीर, टोक किंवा सुटलेला सांधा लागला तर ती घालू नका. आत असताना तुटली तर काढून टाका आणि दवाखान्यात जा.

धुणे, तेल आणि कचरा

रिंग अवेळी निघाली तर थंड किंवा कोमट पाण्याने धुऊन लगेच आत घाला. दोन-तीन तासांच्या आत घातली तर बहुतेक वेळा काम भागते. नेमके किती तास, ते पाकिटातल्या कागदावर असते, तो फेकू नका. त्यापेक्षा जास्त वेळ बाहेर राहिली तर सात दिवस निरोध वापरा. तिसऱ्या आठवड्यात निघाली असेल तर पुढे काय करायचे ते डॉक्टरांना विचारा. ईव्हीएच्या रिंगला साबण नको, जंतुनाशक औषध नको, गरम पाणी नको. वर्षभराच्या सिलिकॉनच्या रिंगला सौम्य साबण आणि कोमट पाणी चालते, मग स्वच्छ कापडाने टिपून घ्यायची.

खोबरेल तेल लावण्याची सवय अनेक घरांत आहे. सिलिकॉनच्या रिंगबरोबर तेल नको. हिंगाच्या डबीत सांगितले तेच कारण, तेल तिच्या अंगात मुरते आणि हार्मोन सुटण्याचा वेग बदलतो. तेलाने निरोधचे रबरही फाटते. पांढऱ्यावर आत ठेवायच्या गोळ्या मिळतात, त्यांतल्या काही तेलकट असतात. त्या घेताना रिंग आहे हे डॉक्टरांना सांगा.

आता कचऱ्याचे. न्यूवारिंगमध्ये मुख्य हार्मोन ११.७ मिलिग्रॅम असते. रोज १२० मायक्रोग्रॅम धरले तर तीन आठवड्यांत जेमतेम अडीच मिलिग्रॅम बाहेर पडते. बाकी नऊ मिलिग्रॅम त्या फेकलेल्या रिंगमध्येच राहते! वेग सारखा राहावा म्हणून टाकी भरलेली ठेवावी लागते, त्याचा हा परिणाम. म्हणून वापरलेली रिंग संडासात टाकायची नाही, गटारात नाही, चुलीत नाही. तिच्या पाकिटात परत घालून, बंद करून, जुन्या औषधांसारखी वेगळी ठेवून घंटागाडीला सांगून द्या. गटारात उतरणारे आणि कचरा वेचणारे हात कुणाचे असतात, हे आपल्याला कुणी सांगायला नको. लहान मुलांच्याही हाती लागू देऊ नका, ती खेळणे समजतात.

कुणी वापरू नये

महिन्याची आणि वर्षाची, या दोन्ही रिंगांत इस्ट्रोजेन असते. बीपी जास्त असलेली, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झालेली, डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी होणारी, यकृताचा आजार किंवा स्तनाचा कर्करोग असलेली, आणि ३५ वर्षांपुढची धूम्रपान करणारी बाई यांच्यासाठी ती नाही. तंबाखू, मिशरी असेल तर तेही लपवू नका. बाळ अंगावर पीत असेल तर पहिल्या सहा महिन्यांत इस्ट्रोजेनची रिंग नको. विदर्भातल्या आपल्या घरांत सिकलसेल बरेच आहे. तसा आजार असेल तर रिंगच्या आधी तो डॉक्टरांना सांगा, कारण रक्ताच्या गाठीचा प्रश्न येतो. टीबीचे उपचार चालू असतील तर रिफॅम्पिसिनमुळे रिंगचे काम कमी होते. फिटच्या काही गोळ्यांचेही तसेच.

पायाला सूज आणि कळ, छातीत दुखणे, धाप लागणे, अचानक जोराची डोकेदुखी किंवा दिसेनासे होणे यांपैकी काहीही झाले तर रिंग काढा आणि थेट दवाखाना गाठा.

आणि ही गर्भनिरोधक रिंग एड्सपासून किंवा गुप्तरोगापासून वाचवत नाही. एचआयव्ही टाळण्यासाठी डॅपिव्हिरिन औषधाची वेगळी सिलिकॉनची रिंग आहे, तिची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये केली. ती गर्भ रोखत नाही. दोन्ही रिंगा, दोन्ही गोल, कामे वेगळी. नीट वापरली तर गर्भनिरोधक रिंग फार क्वचित फसते, पण रोजच्या आयुष्यात जशी वापरली जाते तशी धरली तर वर्षभरात शंभरपैकी सुमारे सात जणींना दिवस राहतात.

विचारायचे प्रश्न

सरकारी कुटुंब नियोजन कार्यक्रमात अजून कुठलीच रिंग नाही. तिथे निरोध, माला-एन, छाया गोळी, अंतरा इंजेक्शन, तांबी आणि बाईचे किंवा पुरुषाचे ऑपरेशन मोफत मिळते. तेही चांगले उपाय आहेत. पुरुषाचे ऑपरेशन तर सगळ्यात सोपे, तरी घरात त्याचे नाव निघत नाही. रिंग मात्र खासगीतूनच घ्यावी लागते आणि ती दर महिन्याला परवडणारी बाई आपल्यात कमी. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी बाबासाहेबांचा संततिनियमनाचा ठराव मांडला, तेव्हा साधने लोकांपर्यंत पोचवण्याची जबाबदारी सरकारची आहे, हाच मुद्दा होता. ठराव फेटाळला गेला. मागणी अजून संपलेली नाही. फ्रिज न लागणारी आणि दूध पाजणाऱ्या आईला चालणारी रिंग आपल्या आरोग्य केंद्रात का असू नये, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

तोवर, कुणी रिंग लिहून दिली तर एवढे विचारा: ही कशाची आहे, ईव्हीएची की सिलिकॉनची? किती दिवस चालते? कुठे ठेवायची, आमच्या घरात ठेवता येईल का? निघाली तर कशाने धुवायची आणि किती वेळात परत घालायची? माझ्या आजाराला, चालू औषधाला चालेल का? वापरून झाली की टाकायची कुठे? या प्रश्नांना डॉक्टरीण किंवा सिस्टर वैतागली तर वैतागू दे. वस्तू तिच्या अंगात जाणार नाही, तुमच्या अंगात जाणार आहे.

त्या बहिणीची पाळी वेळेवर आली. नवी रिंग आणायला ती गेली तेव्हा आम्ही बरोबर नव्हतो. तिने दुकानदाराला विचारले, "भाऊ, ही फ्रिजमध्ये होती का?" तो म्हणाला, "तुम्हाला काय करायचंय?" ती तिथेच उभी राहिली. शेवटी त्याने मागे वळून फ्रिज उघडला आणि आतून पाकीट काढून तिच्या हातात दिले. तिने ते हातावर धरून पाहिले. गार होते.